आमच्या घरातला बाहेरचा माल

३ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

आधी आली ती मुलगी, मनाली. मुलगा मागून आला, कारण तो चुकून बी विंगला गेला आणि तिथल्या बाईने त्याला शेगडी दुरुस्त करणारा समजून सरळ किचनमध्ये नेलं. मिहिर नाव त्याचं. तो येईपर्यंत मनालीने चपला काढल्या, पाणी प्याली, भिंतीवरच्या बाबासाहेबांना जयभीम केला. तिथेच मला आवडली. मिहिर घामाने निथळत आला. म्हटलं, बस बाबा आधी, सरकार काय पळून जात नाही. तर म्हणतो, आजी, आम्ही सरकारचे नाही, अभ्यासाच्या संस्थेचे. म्हटलं, मग तर अजून चांगलं, तुम्हाला घाई नसेल.

घाई होती. पण मी चहा टाकलेला होता.

काम असं आहे. आपला देश बाहेरच्या मालावर किती अवलंबून आहे, ते मोजायचं चाललंय. मला वाटलं बंदरावर उभं राहून बोटी मोजत असतील. मिहिर म्हणाला, बोटी मोजून झाल्या, आता घरं मोजतोय. कॉम्प्युटरने घरं काढली, त्यात आपलं निघालं. एवढ्या मोठ्या घाटकोपरात. उगीच कुणाचं निघत नाही.

प्रत्येक वस्तू उलटी करतात आणि बुडाचा शिक्का वाचतात. इथला माल, बाहेरचा माल, नाहीतर बाहेरचे तुकडे आणून इथे जोडलेला. मग वस्तूमागे एक प्रश्न. ही यायची बंद झाली तर तुमचं किती अडेल? एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे वाट लागली. मी सगळ्याला एक सांगितलं. टीव्ही एक, मिक्सर एक, नितेशने पाठवलेली पाय दाबायची मशीन एक. माझं कशावाचून अडत नाही. मनाली म्हणाली, फोनला तरी, आजी? म्हटलं, एकच लिही. येतो कुणाचा?

म्हणजे नितेशचा येतो. कामात असतो तो. दहिसरहून इथे यायचं म्हणजे गंमत नाही.

किचनमध्ये तर मजा. तेल बाहेरचं, हिंग बाहेरचा, आणि तूरडाळ म्हणे आफ्रिकेची. आमच्या परभणीकडे बांधापर्यंत तूर असायची. डब्यातली डाळ हातात घेऊन बघितली. दिसायला आपल्यासारखीच आहे.

बुद्धमूर्ती उलटी करताना मिहिरने आधी हात जोडले, मला बरं वाटलं. बुडाला चायनाचा शिक्का! चैत्यभूमीच्या बाहेर घेतलेली मूर्ती. मिहिर अडकला, कशात टाकू म्हणून. म्हटलं, अरे, बुद्ध इथून तिकडे गेले, आता तिकडून आले. परत आलेला माल असं लिही. तसा रकाना नाही म्हणाला. रकाना करायला पाहिजे, मी सांगितलं.

छतावरचा पंखा तेवढा इथला. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये नितेशच्या पप्पांनी स्वतः जोडलेला. पण त्यावर शिक्का नाही, नंबर नाही. म्हणून टॅबमध्ये तो जाईना. शेवटी सोडून दिला.

अर्ध्या तासात उठले. मी म्हटलं, झालं एवढ्यात? मिहिर म्हणाला, ज्यांच्याकडे बाहेरचं कमी आणि अडत काही नाही, तिथे पटकन होतं. काहींच्या घरी दोन-दोन तास बसावं लागतं.

हे त्याने आधी सांगायला पाहिजे होतं.

पुन्हा येणार आहेत. १७ तारखेला दुसरी फेरी, ३ मार्चला तिसरी.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल मिहिरने कॅमेऱ्याचा शिक्का वाचायला वायर काढली ती लावलीच नाही. हॉलमधला कॅमेरा. नितेशने बसवलाय, दहिसरला बसून त्याला मी मोबाईलवर दिसते. मी जेवायला बसले की त्याला ताट दाखवते.

वायर लावणार होते. मग वाटलं, राहू दे. आई दिसेनाशी झाली की पोरगा घाबरून धावत येईल. उद्या सकाळीच येईल. मटकी भिजत घातली.

५ फेब्रुवारी

आला नाही. ऑफिसमध्ये असेल. मटकीला मोड मस्त आलेत.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी, आज नक्की बघितलं असणार. मी सकाळपासून तयार. दुपारी पार्सलवाला आला. नितेशने पाठवलं. तेलाशिवाय तळायची मशीन. आता ही कशी चालवायची ते दाखवायला त्याला यावंच लागेल, त्याचा तोच विचार असणार. खोका उघडला नाही. तो आल्यावर उघडू.

मटकी खालच्या वॉचमनला दिली.

९ फेब्रुवारी

मीच फोन केला. म्हटलं, नितेश, कॅमेरा चालतोय ना रे? म्हणाला, हो आई, मस्त चालतोय. म्हटलं, मी काय करतेय सांग बरं. म्हणाला, आई, मीटिंगमध्ये आहे. मग आपणच म्हणाला, अगं, त्याची नोटिफिकेशन मी बंद करून ठेवलीत, सारखं टुंग टुंग करायचं, तू हललीस की वाजायचं.

म्हणजे विश्वास आहे त्याचा माझ्यावर. आई ठीक असणार, हे त्याला बघायची गरज लागत नाही. सगळ्यांच्या मुलांचं असं नसतं.

वायर लावली. उगीच धूळ बसायला नको.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर विचार केला आणि सगळं सुचलं. १७ तारखेला ती पोरं अर्ध्या तासात उठली, तर तिसऱ्या फेरीला कशाला येतील? आपलं घर फुकट गेलं असंच साहेबांना सांगतील. तेव्हा घरात बाहेरचा माल भरपूर पाहिजे, आणि त्यावाचून माझं भरपूर अडलं पाहिजे.

हे काही खोटं नाही. जुन्या चाळीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले की अख्ख्या चाळीच्या कपबशा त्या घरात जायच्या. सोलापुरी चादर आमची, स्टीलचा जग समोरच्यांचा, घड्याळ टेलरकाकांचं. पाहुणे पण तेच करून आलेले असायचे. एकदा तर नवऱ्यामुलाचा बूट दुसऱ्याचा निघाला, जाताना त्याला चालता येईना. लग्नं झाली ना सगळ्यांची? टिकली पण. पाहुण्यांसमोर घर भरलेलं दिसावं, एवढंच असतं.

उद्यापासून गोळा करायला लागते. इथे दारं बंद असतात हीच एक अडचण. आमची पुनर्वसनाची बिल्डिंग, शेजारी बिल्डरने विकलेला टॉवर. कंपाऊंड एक, बाकडं एक, पण बेल मारल्याशिवाय कुणी कुणाचं नाही.

१२ फेब्रुवारी

बाकड्यावर इरावतीताईंना गाठलं. टॉवरमधल्या, बँकेतून रिटायर, मुलगी अमेरिकेत. तशा शिष्ट आहेत पण बाकड्यावर बसल्या की बोलतात. म्हटलं, ताई, माझ्याकडे पाहुणे यायचेत, तुमचं काही परदेशी सामान दोन दिवस द्याल का. कोण पाहुणे ते सांगितलं नाही. कॉम्प्युटरने आपल्याला निवडलं असं सांगत फिरायचं म्हणजे उगीच मोठेपणा. त्यांना वाईट वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, विमलाताई, सोयरीक आहे का घरात? म्हटलं, तसंच समजा. लगेच वर घेऊन गेल्या. बाई गं, काय घर! एक बाई आणि तीन बेडरूम. मुलीने आणलेला जपानचा भाताचा कुकर दिला. एका माणसाचा भात त्यात दिसत पण नाही, म्हणाल्या. कॉफीची मशीन, उंच बॅग, फिरणारा दिवा. देताना प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगितली. निघताना दारात पण एक गोष्ट सांगितली. लिफ्ट तीनदा आली आणि गेली. त्यांना माणसाची फार गरज आहे, बिचाऱ्यांना.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या तळमजल्यावरचा चंद्रप्रकाश. साकीनाक्याला मोबाईलचं आणि सटरफटर सामानाचं दुकान. त्याला सांगितलं तर म्हणाला, मावशी, ले जाव ना, बिनधास्त. एक मोठा खोकाच वर आणून ठेवला. म्हणाला, फक्त डब्या फाडू नका, माल परत करायचाय. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, सगळं चायना आहे मावशी, टेन्शन घेऊ नका.

नितेशचा फोन आला नाही. रविवार आहे, झोपला असेल.

१६ फेब्रुवारी

घर सजवलं. नुसतं झकास दिसतंय. टेबलावर कुकर, बाजूला कॉफीची मशीन, कोपऱ्यात बॅग, नितेशची तळायची मशीन खोक्यासकट पुढे. कॅमेऱ्याला सगळं दाखवलं. नितेशने बघितलं असतं तर विचारलं असतं.

उत्तरं पाठ केली. सगळ्याला पाच. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि लांब.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, रात्री

पावणेदोन तास! मिहिरने स्वतःच घड्याळ बघून सांगितलं.

नीट लिहून ठेवते. दोघं आले, दारातच थांबले. मनाली म्हणाली, आजी, हे सगळं कधी आलं? म्हटलं, येतच असतं, लेकरा, देशाचं काय घेऊन बसलीस, घरोघरी येतंय. मिहिर हसायला लागला पण कामाला लागला.

आधी चंद्रप्रकाशचा खोका. मी काही उघडून बघितला नव्हता, डब्या फाटतील म्हणून. आत निघाले दाढी करायचे ट्रिमर. एकसारखे चाळीस. मिहिरने विचारलं, आजी, हे कोण वापरतं? म्हटलं, घरात लागतात. म्हणाला, चाळीस? म्हटलं, बाबा, केस काय थांबतात का? वाढतातच. मग विचारलं, हे यायचे बंद झाले तर किती अडेल? मी पाच सांगितलं आणि कारण म्हणून गावाकडचा न्हावी, त्याचा भाऊ, त्याच्या भावाची जमीन, सगळं सांगितलं. मनालीने तोंडावर ओढणी धरली होती. गोष्ट होतीच तशी.

मग कुकर. मिहिरने उलटा केला, मागचा नंबर टाकला, तर टॅब वाजला. लाल झाला. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. म्हणाला, आजी, हा कुकर आपल्याकडे आधीच आहे. म्हटलं, आहे ना, हा काय समोर. म्हणाला, तसं नाही, हा टॉवरमधल्या अकराशे दोनला लागलाय. मी म्हटलं, जुळा असेल. जपानी लोक एकसारखेच बनवतात. मनाली म्हणाली, नंबर जुळ्यांचा पण वेगळा असतो, आजी.

आणि तेवढ्यात बेल. दारात इरावतीताई, चांगली साडी नेसून. पाहुणे बघायला आल्या होत्या. आत बघतात तर मनाली आणि मिहिर! ताई एकदम म्हणाल्या, अगं, तुम्ही इथे पण येता? आणि मी पण तेच म्हटलं, तुम्ही ह्यांच्याकडे पण जाता? त्यांनी पण बाकड्यावर एका शब्दाने सांगितलं नव्हतं हो! मला वाईट वाटेल म्हणून, असंच असणार.

मग मी म्हटलं, आता आलाच आहात तर बसा, आणि चौघांचा चहा टाकला. कुकरमध्ये भात लावला, तोही सगळ्यांना पुरला, उरला. ताईंनी मिहिरला दोनदा वाढलं. माझ्या घरात चार माणसं एकदम जेवली. ह्या बिल्डिंगमध्ये आल्यापासून पहिल्यांदा.

जाताना मिहिरने सगळ्याचे फोटो काढले. हे सरांना दाखवावं लागेल, म्हणाला. मनाली आधीच बाहेर जाऊन चपला घालत होती, दमली असेल. सर स्वतः येतील बहुतेक. तीन मार्चला डबल तयारी पाहिजे.

२० फेब्रुवारी

सामान परत दिलं. चंद्रप्रकाश म्हणाला, मावशी, एक डबी कमी आहे. मिहिरच्या बॅगेत चुकून गेली का, देव जाणे. इरावतीताईंनी कुकर आत घेतला आणि दार लावलं. गोष्ट सांगितली नाही. डोकं दुखत असेल.

सर आले तर बसायला कुठे, हा प्रश्न आहे. पलंगावर बसवलेलं बरं दिसत नाही.

२३ फेब्रुवारी

बाकड्यावर ताई नाहीत. काल पण नव्हत्या. थंडी आहे थोडी.

सरांना शेंगदाण्याची चटणी द्यायची ठरवलंय, बरणीत भरून. ती मात्र शंभर टक्के इथली. तोंडात टाकली की रकाना आपोआप भरतील.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मनालीचा फोन. आवाज बारीक. म्हणाली, आजी, रागावू नका, सरांनी तुमचं घर यादीतून काढलं. म्हटलं, का गं? म्हणाली, उसनं सामान मोजलं तर देशाचा हिशोब चुकतो. तुमच्या एका घरामुळे अख्ख्या घाटकोपरात ट्रिमर वाढले. म्हटलं, चाळीस काढून टाका ना, बाकीचं ठेवा. म्हणाली, कुठलं खरं, कुठलं नाही, आता कळणार कसं?

मग म्हणाली, अकराशे दोन पण काढलं. तोच कुकर दोन्हीकडे, म्हणून दोन्ही घरांवर शंका.

मी म्हटलं, इरावतीताईंचा काय दोष? त्यांचं खरंच आहे सगळं. ती म्हणाली, मी सांगितलं हो, आजी. ऐकलं नाही सरांनी.

मला काही वाटलं नाही. उलट जबाबदारी गेली. देशाचं मोजमाप म्हणजे डोक्याला ताप. चटणी करून ठेवलीय, ती मीच खाईन.

२७ फेब्रुवारी

टॉवरमध्ये गेले. वॉचमनने वर फोन लावला, मग म्हणाला, मॅडम आराम करतायत. मी म्हटलं, सांग विमला आलीय. म्हणाला, सांगितलं.

खाली उभी राहिले थोडा वेळ. मग त्या स्वतःच खाली आल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या, विमलाताई, ती दोघं पंधरा दिवसांनी यायची. मी तारखा धरून होते. मिहिरला ऑम्लेट आवडतं म्हणून मी अंडी आणायला लागले होते घरात. आमच्याकडे अंडं येत नाही. तुम्हाला काय गरज होती?

मी म्हटलं, ताई, मला कसली गरज? मी आपली सहज.

त्या वर गेल्या. लिफ्टचं दार बंद होईस्तोवर माझ्याकडे बघत होत्या. राग ओसरेल. चार दिवसांत बाकड्यावर येतील.

१ मार्च, रविवार

आल्या नाहीत.

नितेशला सगळं सांगायला फोन केला. त्याने ऐकलं. हसला खूप. म्हणाला, आई, यू आर टू मच. मग म्हणाला, तुला भाताचा कुकर पाहिजे होता तर सांगायचं ना, मी पाठवतो. म्हटलं, नको रे, तू ये. म्हणाला, बघतो, पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. मग लगेच म्हणाला, आई, ऑर्डर झाला, परवा येईल. पुन्हा त्याच आठवड्याबद्दल विचारणार होते, पण त्याला दुसरा फोन येत होता.

किती करतो माझं.

३ मार्च, मंगळवार

आज तिसरी फेरी असती. सवयीने लवकर उठले, हॉल पुसला. सवय म्हणजे दोनदाच आली होती पोरं, पण लागते.

अकराच्या सुमारास खाली चंद्रप्रकाशचा मोठा आवाज. वर धावत आला, मावशी, अपना नंबर लग गया! माझ्या जागी दुसरं घर घ्यायचं होतं, ते त्याचं निघालं. म्हणाला, ते लोक आत्ता माझ्याकडे बसलेत, सामान मोजून मोजून थकले. दुकानातला निम्मा माल घरातच आहे ना त्याचा. म्हणाला, संध्याकाळ होईल म्हणतात.

मी दार उघडंच ठेवलं. हवा येते.

दुपारनंतर मनाली आली वर. एकटीच. मिहिर खालीच होता, ट्रिमर मोजत. म्हणाली, पाणी द्याल, आजी? फक्त दोन मिनिटं हं, सर खाली आहेत. म्हणजे सर आले होते, पण चंद्रप्रकाशकडे.

दोन मिनिटंच बसली. म्हटलं, अकराशे दोनला पण जाऊन ये गं, पाणी प्यायला. त्यांचं पाणी फिल्टरचं आहे. ती म्हणाली, बघते, आजी. उठताना माझा हात धरला आणि सोडला. चटणीची बरणी दिली तर म्हणाली, आम्हाला घेता येत नाही कुणाच्या घरून काही. मग घेतली.

दारात मी विचारलं, आता परत कधी? तिने लिफ्टचं बटण दाबलं. म्हणाली, आजी, हा अभ्यास आता ह्या घरांवरच संपेल. पुन्हा पाच वर्षांनी नवीन यादी निघते. तेव्हा कॉम्प्युटरने काढलं तर येऊ. मी म्हटलं, काढेल ना, एकदा काढलं की त्याला माहीत झालं. ती म्हणाली, हो, आजी. येऊ.

म्हणजे ठरलं. सन दोन हजार एकतीस, मार्च. तारीख तीनच धरते.

सकाळी येणार की दुपारी, ते विचारायचं राहिलं.